टाक्यांच्या आत

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालेली बाई भेटायला आली की आमच्या बेळगावच्या शहापुरात आधी पोट बघतात, मग चहा ठेवतात. "बघू गे, कुठं कापलंय?" म्हटलं की पदर बाजूला होतोच. जुन्या बायकांच्या उजव्या बरगडीखाली तिरपा, वीतभर लांब व्रण असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. अलीकडच्या बायकांच्या पोटावर चार ठिपके: बेंबीपाशी एक, छातीच्या हाडाखाली एक आणि उजवीकडे दोन. मग बघणाऱ्या बायका निकाल देऊन मोकळ्या होतात. वीतभर व्रण असेल तर "केवढं सोसलंस बाई", आणि ठिपके असतील तर "हिचं काय, दुर्बिणीचं. काहीच नाही."

हे "काहीच नाही" ऐकलं की मला राहवत नाही. बेळगावातल्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे, त्यामुळे बोलायला मोकळी. कातडी कशी भरून येते ते सगळ्यांना दिसतं. पण कातडीच्या आत, चरबीच्या आत, स्नायूंच्याही आत पोटाला एक अस्तर असतं. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात. चिरून केलेलं ऑपरेशन आणि दुर्बिणीचं ऑपरेशन यांतला फरक मोजायचा तर तो या अस्तरावर मोजावा, असं माझं मत आहे. दोन्हीकडे त्याला सोसावं लागतं. कसं आणि किती, त्यात फरक.

हे अस्तर कुणी पाहिलंच नाही असं नाही. मटणाच्या दुकानात बकरं उघडून टांगलेलं असतं तेव्हा पोटाच्या आतल्या बाजूने जो पातळ, ओला, चकाकणारा पापुद्रा दिसतो, तोच हा. आपल्या पोटात तो भिंतीला आतून चिकटलेला असतो आणि तसाच पुढे वळून यकृत, जठर, आतडी, पित्ताशय यांनाही वरून लपेटून घेतो. सगळा उलगडून पसरला तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढा भरेल, म्हणजे पावणेदोन-दोन चौरस मीटर. जाडीला मात्र वरचा पेशींचा थर एकेरी. एका पेशीला लागून दुसरी, खाली आधाराचं नाजूक आवरण, बस्स. वर काही चमचे पाणी असतं. त्या ओलाव्यावर आतडी दिवसभर एकमेकांवरून सरकत असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

या अस्तराच्या दोन बाजूंचं दुखणंही दोन तऱ्हेचं. अवयवांवरच्या बाजूला कळतं ते मोघम: वर कुठंतरी, मधेच, दाबल्यासारखं. भिंतीकडच्या बाजूच्या नसा मात्र कातडीच्या नसांच्या सख्ख्या बहिणी. बोट ठेवून जागा सांगतात. म्हणून खड्याचा त्रास सुरू होतो तेव्हा बाई अख्ख्या पोटावरून हात फिरवते, "गॅस झालाय वाटतं" म्हणते आणि ओवा खाते. पित्ताशय सुजून भिंतीच्या अस्तराला टेकलं की बोट नेमकं उजव्या बरगडीखाली जातं. डॉक्टर तिथे हात ठेवून मोठा श्वास घ्यायला सांगतात. श्वास घेताना यकृत खाली सरकतं, सुजलेलं पित्ताशय त्या हाताला भेटतं, आणि बाई अर्ध्या श्वासातच थबकते. ही तपासणी मी कितीदा पाहिली असेन, पण तो थबकलेला श्वास बघवत नाही.

चिरून ऑपरेशन करायची रीत जुनी. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखने १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा माणसाचं पित्ताशय काढलं. त्याआधी नुसते खडे काढून पित्ताशय जागच्या जागी ठेवायचे. त्यात पुन्हा खडे व्हायचे. बरगडीखालचा तिरपा छेद स्विस सर्जन कोखरच्या नावाने ओळखला जातो. थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालं तोच हा कोखर. पुढे शंभरेक वर्षं हाच राजमार्ग होता, आणि मी नोकरीला लागले तेव्हाही तोच होता.

त्या काळातलं आमचं टेबल आठवते. स्नायू कापून अस्तर चिमट्याने उचलायचं, बारीक छेद द्यायचा आणि उघडायचं. मग आतडी मध्ये येऊ नयेत म्हणून ओल्या मॉपनी मागे ढकलायची. मॉप म्हणजे गॉजच्या चौकोनी घड्या, कोपऱ्याला नाडी. यकृत वर धरायला लांब वाकडा रिट्रॅक्टर, आणि तो धरायला एक हाऊस सर्जन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर. बिचाऱ्याचा हात भरून यायचा, पण सोडायची सोय नाही. अस्तराच्या बाजूने बघितलं तर यातली प्रत्येक गोष्ट इजा आहे. गॉज घासलं की वरच्या एकेरी पेशी पुसून निघतात. रिट्रॅक्टरखाली दाबला गेलेला भाग रक्ताविना राहतो. वरून थिएटरच्या दिव्यांची ऊब आणि एसीची हवा. उघडं पडलेलं अस्तर थंडीतल्या ओठासारखं सुकतं. म्हणून मोठे सर्जन सारखे ओरडायचे, "सिस्टर, वॉर्म सलाइन!" मॉप कोमट पाण्यात भिजवून पिळून द्यायचा, कोरडा दिलेला चालायचा नाही. नवीन मुलींना वाटायचं साहेब उगाच चिडतात. उगाच नव्हतं ते.

ग्लोव्ह्जची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आता ती कुणी सांगत नाही. तेव्हा एकदा वापरून फेकायचे ग्लोव्ह्ज सगळीकडे नव्हते. वापरलेले धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे, फुंकून भोक आहे का बघायचं, मग आतून-बाहेरून पावडर लावायची, जोड्या लावायच्या, ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्राला, द्यायचे. दुपारभर हे काम चालायचं, आणि आमचे हात-नाकं पांढरी व्हायची. जुन्या काळी ती टाल्क असे. पुढे स्टार्चची आली, कारण टाल्क पोटात पडला की गाठी होतात हे कळलं होतं. पुढे कळलं की स्टार्चही निर्दोष नाही. त्याचे कण अस्तरावर बसले की शरीर त्यांच्याभोवती सूज धरतं, बारीक गाठी होतात, आतडी चिकटतात. म्हणून पोट उघडायच्या आधी सर्जन हात ओल्या मॉपने पुसून घ्यायचे. अमेरिकेत पावडरच्या ग्लोव्ह्जवर बंदी यायला २०१६ सालाची अखेर उजाडली.

अस्तराला इजा झाली की पहिल्या काही तासांत तिथे रक्तद्रव पाझरतो आणि त्यातून फायब्रिनचं चिकट जाळं बनतं. ही दुरुस्तीची सुरुवात. त्याच वेळी अस्तराच्या पेशी ते जाळं विरघळवणारं द्रव्यही तयार करत असतात. सगळं बरं चाललं असेल तर दोन-तीन दिवसांत जाळं विरतं. पण पेशी पुसल्या गेल्या असतील, रक्तपुरवठा कमी पडला असेल, काही परकं तिथे राहिलं असेल, तर विरघळवणारं द्रव्य अपुरं पडतं. जाळं राहतं, त्यात धागे तयार करणाऱ्या पेशी शिरतात, मग रक्तवाहिन्या येतात, आणि दोन जागा कायमच्या चिकटतात. अॅढेशन्स म्हणतात ती हीच. कुणाच्या पोटात राहतील आणि त्रासही देणार नाहीत. कुणाचं आतडं दहा-वीस वर्षांनी त्यात पीळ पडून अडेल.

अस्तराची एक खोड मात्र मला फार आवडते. कातडीची जखम कडेकडून भरत येते, त्यामुळे मोठी जखम म्हणजे जास्त दिवस. अस्तर तसं भरत नाही. उघड्या पडलेल्या भागावर नव्या पेशी सगळीकडेच एकदम येऊन बसतात. रुपयाएवढी जागा असो की तळहाताएवढी, साधारण पाच ते आठ दिवसांत वरचा थर पुन्हा तयार. आम्ही पूर्वी पोट बंद करताना अस्तराला कॅटगटने, म्हणजे आतच विरघळणाऱ्या धाग्याने, वेगळी शिवण घालायचो, आणि ती नीट पडली की मला शिवणकाम झाल्याचं समाधान व्हायचं. मग सर्जननी ती घालणं सोडूनच दिलं. न शिवलेलं अस्तर आपोआप मिटतं, आणि शिवलं की टाक्यांच्या ताणाखाली रक्त कमी पोचून उलट चिकटायची शक्यता वाढते, असं अभ्यासांतून दिसलं होतं. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुर्बीण आमच्या खेड्यांना नवी नव्हती. कुटुंब नियोजनाच्या कॅम्पमध्ये दुर्बिणीने नसबंदी व्हायची. खानापूर, चंदगडकडच्या कितीतरी बायकांच्या बेंबीखाली तो बारीक व्रण आहे. पित्ताशय त्या वाटेने काढता येईल हे मात्र उशिरा सुचलं. जर्मनीत एरिख म्यूहने १९८५ मध्ये ते केलं, तेव्हा तिथल्याच सर्जन मंडळींनी नाकं मुरडली होती. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडियांनी सुरुवात केली. मग काही वर्षांत ते पुणे, कोल्हापूर, बेळगाव करत सगळीकडे पोचलं.

आता पोटात हात जात नव्हता, मॉप जात नव्हता, रिट्रॅक्टरखाली आतडी दाबली जात नव्हती. पोट बंदच, म्हणजे दिव्याखाली सुकणंही नाही. पण बघायला आत जागा हवी. ती करायला पोट वायूने फुगवायचं, आणि तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही, त्यामुळे आत कॉटरी, म्हणजे विजेने जाळून रक्त थांबवायचं हत्यार, वापरता येते. रक्तात चटकन विरघळतो, त्यामुळे रक्तवाहिनीत बुडबुडा अडकण्याचा धोका हवेपेक्षा कमी. सिलिंडर, नळी आणि आकडे दाखवणारी पेटी. पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबावर ती पेटी थांबते, गळती झाली की पुन्हा वायू सोडते, दाब चढला की केकाटते.

आतल्या अस्तराला हा पाहुणा नवखा. शरीर सदतीस अंशांचं आणि ओलं. वायू खोलीच्या तापमानाचा, थेंबभर ओलावा नसलेला. कोपराकोपऱ्यात तोच भरतो, म्हणजे जिथे कुणाचा हातही कधी पोचला नसता तिथेही. पोटातल्या ओलाव्याशी मिळून त्याचं सौम्य आम्ल होतं आणि अस्तराच्या पृष्ठभागाची आम्लता वाढते. दाबामुळे अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावतो. उंदरांवर हे प्रयोग करून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अस्तर पाहिलं गेलं. एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी फुगून गोल झालेल्या, त्यांच्यामध्ये फटी पडलेल्या आणि फटींतून खालचं आवरण उघडं पडलेलं. कुणी हात न लावता. "काहीच नाही" म्हणणाऱ्या बायकांना तो फोटो दाखवावा असं मला फार वाटतं.

मग फायदा कशात? इजेच्या खोलीत. वायूचा त्रास अख्ख्या अस्तरभर पसरलेला पण वरवरचा आणि थोड्या वेळचा. चिरलेल्या पोटातला त्रास मोजक्या जागी पण खोल. छेदाच्या रेषेवर अस्तर पुरतं कापलेलं, मॉप घासले तिथे सोललेलं. एक जखम मात्र दोन्ही रीतींत सारखीच आहे. पित्ताशयाची बाहेरची बाजू याच अस्तराने झाकलेली असते, त्यामुळे ते सोडवताना अस्तर कापावंच लागतं आणि यकृताखालची जागा उघडी पडते. वाट कुठलीही घ्या, ते चुकत नाही.

माझ्या जावेचं ऑपरेशन दुर्बिणीने झालं. संध्याकाळी मी भेटायला गेले तर पोटाचं नावच नाही, उजवा खांदा धरून बसलेली. "पोटाचं ऑपरेशन आणि खांदा दुखालाय वैनी! झोपेत कुणी हात पिरगाळला काय माझा?" शेजारची नर्स हसू दाबत होती आणि तिला "उसिरु तगोरी, मोठा श्वास घ्या" असं निम्म्या कानडीत निम्म्या मराठीत सांगत होती. कुणी हात पिरगाळला नव्हता. छाती आणि पोटाच्या मधला पडदा, त्याच्या खालच्या अंगालाही हेच अस्तर आहे. फुगवताना तो ताणला जातो, नंतर उरलेला वायू वर चढून त्याखालीच जमतो, आम्लतेने तो भाग चिडतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, खांद्याच्या कातडीची नसही तिथूनच. मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. दोन-चार दिवसांत वायू रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो आणि खांदा गप्प बसतो. शेवटचं भोक बंद करायच्या आधी भूलतज्ज्ञांनी पेशंटच्या फुप्फुसांत मोठे श्वास भरले आणि सर्जनने पोट हलकं दाबून वायू बाहेर काढला तर हा त्रास कमी होतो. कमी दाबावर काम केलं तरीही तो कमी होतो, पण मग आत जागा कमी दिसते, आणि त्यावर सर्जन लोकांचे वाद चालतात. वायू गरम आणि दमट करून सोडायची यंत्रंही निघाली. तर्क पटण्यासारखा आहे, पण पेशंटला मोठा फरक पडतो असं काही ठामपणे दिसून आलं नाही.

जुन्या पद्धतीत खांदा सहसा दुखत नसे. त्याऐवजी कापलेले स्नायू आणि भिंतीकडचं अस्तर असं ठणकायचं की बाई खोकायला, हसायला, श्वास पूर्ण घ्यायला घाबरायची. अपुऱ्या श्वासाने उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटायचा, ताप यायचा. आम्ही पोटाशी उशी धरून खोकायला लावायचो आणि शिव्या खायचो.

जुना व्रण असलेली एक पेशंट पुढे दुसऱ्या कारणासाठी आमच्याकडे आली, तेव्हा दुर्बीण आत गेल्यावर पडद्यावर जे दिसलं ते मला विसरता येत नाही. वीतभर व्रणाच्या बरोबर आतल्या बाजूने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आतड्यांवरची पिवळी चरबीची जाळी भिंतीला चिकटून लोंबत होती. त्यातून लाल बारीक रक्तवाहिन्या भिंतीत शिरलेल्या, म्हणजे नुसतं चिकटणं नव्हे, संसार थाटलेला. सर्जन कात्रीने ती एकेक पदर करत सोडवत होते. बाईला वर्षानुवर्षं त्या जागी ओढल्यासारखं व्हायचं, आणि घरचे म्हणत होते मनाचे खेळ. दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्यांच्या पोटात असं क्वचित दिसतं. चिकटलं तरी यकृताखाली थोडं, किंवा एखाद्या भोकाच्या आत.

दुर्बिणीच्या वाटेचा एक धोका मात्र तिचा स्वतःचा आहे. पित्ताशय ओढून धरताना फाटलं तर खडे पोटात सांडतात आणि आतड्यांच्या घड्यांत लपतात. चिरलेल्या पोटात हाताने चाचपून काढता येत. इथे धुऊन, शोधून, एकेक उचलावे लागतात. म्हणून पित्ताशय छोट्या पिशवीत घालून बाहेर काढतात. आम्ही कितीदा ग्लोव्हचा पंजा कापूनच ती पिशवी करायचो. राहिलेला एखादा खडा बहुधा निमूट पडून राहतो, पण कधी वर्षांनंतर त्याच्याभोवती पू धरतो.

आणि कधी मधूनच दुर्बीण सोडून पोट चिरायची वेळ येते. सिस्टर बाहेर येऊन म्हणते, "ओपन करावं लागतंय, सही करा." बाकावरच्या नातेवाइकांत कुणीतरी म्हणतंच, "जमलं नाही काय डॉक्टरांना?" वारंवार सुजलेलं पित्ताशय आजूबाजूला घट्ट चिकटलेलं असतं, आणि कुठली नळी पित्ताशयाची, कुठली यकृताची मुख्य, हे पडद्यावर उलगडत नाही. तिथे हट्टाने पुढे जाऊन मुख्य नळी कापली गेली तर जे पित्त पोटात सांडत राहतं, त्याची होरपळ वायू, मॉप आणि पावडर या सगळ्यांहून भयंकर. वीतभर छेद त्यापुढे स्वस्त. तुमचं आधी सिझर, नसबंदी, गर्भपिशवी, अपेंडिक्स काहीही झालं असेल तर तपासणीतच सांगा. बेंबीजवळ आतडं चिकटलेलं असण्याची शक्यता असेल तर सर्जन वायू सोडायची पहिली सुई दुसरीकडून घालतात किंवा तिथे आधी उघडून बघतात. "त्याला वीस वर्षं झाली" म्हणून सांगायचं सोडू नका. अस्तराच्या दृष्टीने वीस वर्षं काहीच नाहीत.

घरी गेल्यावर खांदा दुखला तर घाबरू नका, चालत राहा. पण पोटाचं दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढत गेलं, ताप आला, पोट फुगून कडक झालं, डोळे पिवळे दिसले, तर ठिपके कितीही छान सुकलेले असोत, लगेच परत जा. पित्त गळत असेल तर सुरुवातीला ते फारसं बोलत नाही. नुसतं बरं वाटत नाही, जेवण जात नाही. "अमावस्या उलटू दे, मग जाऊ" म्हणत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. रात्रीची एसटी चुकली तर गाडी करा, पण जा.